गडाचा भरंवसा व गडकऱ्याचें शील

१. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत, रोहे शहराला लागून वरसे हें गांव आहे. या गांवाच्या शिवारांत उभें राहून कुंडलिका नदीपलीकडे पाहिलें म्हणजे अवचितगडाचा डोंगर नजरेस पडतो. दक्षिणेकडे घोसाळगड व त्याहून पुढें तळगड, चणेऱ्याच्या बाजूस बिरवाडी, खांबजवळ सुरगड, असे किल्ले या मुलखाच्या भोंवतीं पसरलेले आहेत. आणि समुद्रकांठीं, यांच्यापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, सिद्दीचा जंजिरा आहे. शत्रु इतका जवळ असल्यामुळें येथील गडकऱ्यांस स्वस्थता अशी कधींच नव्हती. १६५९ मध्यें अफझलखानाच्या स्वारीची संधि साधून सिद्दीनें तळगडास वेढा घातला होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत २३ किल्ले मोगलांस दिल्यावर महाराजांच्या हातीं जे १२ किल्ले उरले त्यांत घोसाळा आहे. बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांच्यामध्यें जो तह झाला त्यांत कान्होजीकडे राहिलेल्या किल्ल्यांच्या यादींत अवचितगडाचें नांव आहे. त्याच गडावर शके १७१८, नल संवत्सर, म्हणजे १७९६ सालचा शिलालेख आहे.

तट, बुरूज, टांकीं व शिलालेख यांची वर्णनें पुष्कळांनीं केलेलीं आहेत. तीं पुन्हां करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमच्यापुढें प्रश्न निराळा आहे. किल्ला तोफेनें पडतो त्यापेक्षां आंतल्या माणसाच्या हातानें अधिक वेळां पडतो. मग त्या आंतल्या माणसाची पारख आमचे पूर्वज कशी करीत असत? माणसाचे कोणते खाजगी दोष व कोणता अप्रामाणिकपणा यांमुळें त्याला गडाचा दरवाजा बंद होत असे? आणि ही पारख करतांना त्यांच्या हातून कोठें चूक झाली? या तीन प्रश्नांचा येथें थोडक्यांत विचार करूं.

२. पहिला साक्षी कृष्णाजी अनंत सभासद. यानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, जिंजीस असतां, आपली बखर लिहिली. महाराजांच्या राज्यांत वावरलेल्या माणसाचा तो लेख असल्यामुळें व्यवस्थेच्या बाबतींत त्याची साक्ष फार मोलाची आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन अधिकारी एका दर्जाचे असत व तिघांनीं मिळून कारभार करावयाचा असे. कोठाराचें काम कारखानिसाकडे. हे अधिकारी बहुधा निरनिराळ्या जातींचे नेमले जात. याचें कारण उघड आहे. एकट्या माणसाचें मन फिरलें तरी गड फिरूं नये, अशी ही योजना होती. एकाचा दगा दुसऱ्याच्या नजरेआड होऊं नये म्हणून हिशेब एकाकडे, धान्य दुसऱ्याकडे व पहारा तिसऱ्याकडे अशी कामाची वांटणी केलेली होती.

याच बखरींत लष्कराची जी शिस्त वर्णिली आहे तिच्याकडेही आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. दसऱ्यास फौज बाहेर पडतांना प्रत्येकाजवळ काय आहे याचा जाबता होई, व छावणीस परत येतांना झाडा घेतला जाई. जाबत्यापेक्षां अधिक निघालें तर तें सरकारांत जमा करावें, अथवा त्याच्या पगारांत धरावें. फौजेबरोबर बायका, बटकी व कलावंतिणी नेण्याची सक्त मनाई होती, आणि ती मोडणारास देहांत शासन सांगितलें आहे. नीतीच्या उपदेशासाठीं इतकी कडक शिक्षा कोणी ठेवीत नाहीं. ज्याच्या गांठीं लपविलेली लूट आहे, किंवा ज्याचा पाय तंबूंत अडकला आहे, तो माणूस शत्रूच्या हेरास स्वस्तांत मिळतो, हा अनुभव त्या नियमाच्या मागें होता असें आम्हांस वाटतें.

ग्रँट डफ यानें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत अशी नोंद केली आहे कीं, महाराज नवा शिपाई स्वतः पाहिल्याखेरीज ठेवीत नसत, व त्याच्या इमानाबद्दल आणि वर्तनाबद्दल आधींच चाकरींत असलेल्या माणसाचा जामीन घेत. जामिनाची ही पद्धत आमच्याकडील जुन्या कागदांच्या वाचकांस नवीन नाहीं. जामीन देणारा केवळ पैशाची हमी देत नसे. या माणसाचें घर, त्याची चाल व त्याची संगत मला ठाऊक आहे, असें तो सांगत असे; व तें खोटें निघालें तर त्याचीही अब्रू जात असे. माणसाची पारख करण्याचें काम अशा रीतीनें त्याला खरोखर ओळखणाऱ्यांकडे सोंपविलें जाई.

३. दुसरा साक्षी अधिक स्पष्ट बोलतो. तो म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवावर असलेलें, १७१६ च्या सुमाराचें आज्ञापत्र. रामचंद्रपंत हे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळच्या अष्टप्रधानांत होते, आणि राजाराम महाराज जिंजीस गेल्यावर महाराष्ट्रांतील कारभाराचा भार मुख्यतः त्यांच्यावर पडला. औरंगजेबानें किल्ल्यामागून किल्ला लढून व विकत अशा दोन्ही रीतींनीं घेतला, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. साल्हेरसारखा बळकट गड १६८७ मध्यें किल्लेदारानें मोगली मनसब घेऊन देऊन टाकला. १७०२ मध्यें विशाळगड सोडतांना पैशाचा ठराव झाला. म्हणून आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरण हें पंडिताच्या घरांत बसून लिहिलेलें नीतिशास्त्र समजूं नये.

त्या प्रकरणांतील मुद्द्यांचा सारांश आमच्या शब्दांत असा. गडाचा अधिकारी विश्वासू, कष्टाळू व राज्याच्या कामास वाहून घेतलेला असावा. दुसऱ्या कामांत एखाद्याची शिफारस मानली तर चालेल, पण गडाच्या नेमणुकींत कोणाच्याही भिडेनें माणूस घेऊं नये. मद्यपी, चंचल बुद्धीचा व ज्याच्या वागणुकीचा भरंवसा नाहीं अशा माणसास गडावर ठेवूं नये. जो ठेवावयाचा तो पूर्ण चौकशी करून ठेवावा. आणि इतकें करूनही एकाच जागीं फार दिवस कोणास राहूं देऊं नये. तीन ते पांच वर्षांनीं बदली करावी, म्हणजे आसपासच्या लोकांशीं खाजगी लागेबांधे वाढत नाहींत.

या यादीकडे बारकाईनें पाहावें. दारू पिणारा मनुष्य स्वामिद्रोही असतोच असें लेखकाचें म्हणणें नाहीं. पण तो बोलूं नये तें बोलतो, जागावें तेव्हां झोंपतो, आणि व्यसनाच्या गरजेसाठीं दुसऱ्याचा मिंधा होतो. चंचल मनुष्य आज धन्याचा व उद्यां शेजाऱ्याचा. येथें प्रश्न पापपुण्याचा नसून शत्रूला कोठें शिरकाव मिळेल याचा आहे. तटाला भगदाड कोठें आहे हें जसें फिरून पाहावें, तसें माणसांतील भगदाडही पाहून ठेवावें, हा त्या विचाराचा गाभा होय.

वतनाचा लोभ हें सर्वांत मोठें भगदाड होतें. आज्ञापत्र वतनदारांविषयीं जी सावधगिरी सांगतें तिचें मर्म येथें आहे. ज्याच्या वतनाचा कज्जा पडलेला आहे त्याला मोगल एक सनद दाखवूं शकत होता, व इकडून राजारामांसही तशाच सनदा देणें भाग पडत होतें. दोन्ही दरबारांत ज्याचें आमिष पडलेलें आहे अशा माणसाच्या हातीं किल्ल्या देणें म्हणजे त्याची परीक्षा दररोज घेणें होय.

४. आतां अप्रामाणिकपणाचें एक प्रत्यक्ष उदाहरण. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाच्या बांधकामास व आरमारास रसद पुरविण्याची आज्ञा प्रभावळी मामल्याचा सुभेदार जिवाजी विनायक यास झाली होती. सिद्दी त्या दुर्गावर टपून बसलेला. दर्यासारंग व दौलतखान हे आरमाराचे सरदार ऐवज व गल्ला यांची वाट पाहत होते. आणि सुभेदार चालढकल करीत होता. १६७५ च्या जानेवारींत महाराजांनीं त्यास जें पत्र लिहिलें तें प्रसिद्ध आहे. त्यांत रागाचे शब्द पुष्कळ आहेत, पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग एकच: हबशानें कांहीं देऊन तुला आपला चाकर केला असावा, असा संशय महाराज उघड बोलून दाखवितात, आणि ब्राह्मण आहेस म्हणून गय होणार नाहीं असें बजावतात.

या पत्रांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, हिशेबांतील व कामांतील कुचराई ही तेथें केवळ आळस म्हणून धरली जात नव्हती. सरहद्दीवरच्या कारकुनाचा अप्रामाणिकपणा व फितूर यांमध्यें फार थोडें अंतर आहे, हें महाराज जाणत होते. दुसरी ही कीं, जात वा कुळ हें भरंवशाचें तारण नव्हतें. ज्या दौलतखानाची बाजू घेऊन महाराज ब्राह्मण सुभेदारास खडसावतात तो मुसलमान होता. विश्वास कर्माकडे पाहून ठेवला जात होता.

त्याच प्रभावळी मामल्याच्या रामाजी अनंत या सुभेदारास १६७६ मध्यें लिहिलेलें पत्र यासोबत वाचलें पाहिजे. त्यांत सुभेदारानें इमानें वागण्याची जी शपथ घेतली आहे तिची आठवण देऊन, रयतेच्या क्षुल्लक वस्तूचाही अभिलाष धरूं नये, असें सांगितलें आहे. पहिलें पत्र शिक्षेचें व दुसरें उपदेशाचें. पण दोहोंचें सूत्र एकच. लहान वस्तूच्या बाबतींत जो खरा नाहीं तो मोठ्या वस्तूच्या बाबतींत खरा राहील, असें मानण्यास महाराज तयार नव्हते.

५. येथपर्यंतचें विवेचन वाचून कोणास असें वाटेल कीं, संशय येतांच माणूस काढून टाकणें हाच सुरक्षिततेचा मार्ग होय. इतिहासाचा दाखला याच्या उलट आहे.

राज्यांतील गुप्त कागद ज्याच्या हातून जात तो बाळाजी आवजी चिटणीस. याचा बाप जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरींत होता व सिद्दीच्याच हातून मारला गेला. पुढें राजापुराकडे वाढलेल्या या मुलास महाराजांनीं अक्षर व हुशारी पाहून जवळ केलें. शत्रूच्या चाकराचा मुलगा असूनही त्याच्याकडे राज्याची लेखणी गेली, हा आम्हीं वर सांगितलेल्या तत्त्वाचाच पुरावा आहे. महाराजांच्या निधनानंतर जीं कारस्थानें झालीं त्यांच्या संशयांत संभाजी महाराजांनीं १६८१ मध्यें इतर मंडळींबरोबर बाळाजीसही मृत्युदंड दिला.

बाळाजी निर्दोष होता, संभाजी महाराजांस कैद करण्याचें पत्र लिहिण्यास त्यानें नकार दिला होता, अशी हकीकत मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींत आहे. पण मल्हार रामराव हे बाळाजीचेच वंशज, व त्यांचा लेख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा. पूर्वजाची बाजू सांवरण्याकडे त्यांचा कल असणें स्वाभाविक आहे. तेव्हां एवढ्या एकाच साक्षीवर निकाल देणें आम्ही योग्य मानीत नाहीं. मात्र एक गोष्ट बखरीच्या बाहेरची व निर्विवाद आहे. बाळाजीचा मुलगा खंडो बल्लाळ यास संभाजी महाराजांनींच चिटणिशीवर ठेविलें. ज्याच्या बापास फितुरीच्या संशयावरून मारलें त्याच्याच हातीं गुप्त पत्रव्यवहार देणें, हें बाप खरोखर फितूर असल्याची खात्री असलेला राजा करणार नाहीं. निदान मुलास बापाच्या आरोपाचा डाग लावूं नये, एवढें तरी त्या राजानें मानलें.

त्या विश्वासाचें फळ पुढें दिसलें. १६९७ च्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यांतून निसटले, तेव्हां मोगलांकडे असलेल्या गणोजी शिर्क्यांची मदत मिळविण्यासाठीं खंडो बल्लाळानें दाभोळचें आपलें वतन सोडून दिलें, अशी परंपरा आहे. ज्या वतनासाठीं लोक गड देत होते तें यानें राजासाठीं दिलें. १६८१ सालीं बापाबरोबर मुलासही दूर केलें असतें तर या सेवेस राज्य मुकलें असतें.

दुसरें उदाहरण सूर्याजी पिसाळाचें. रायगड १६८९ च्या नोव्हेंबरांत झुल्फिकारखानाच्या हातीं गेला. वाईच्या देशमुखीच्या लोभानें सूर्याजीनें दरवाजा उघडला, ही कथा आमच्या भागांत पोराबाळांच्या तोंडीं आहे. परंतु वेढा कित्येक महिने चालला होता, छत्रपति जिंजीच्या वाटेस लागलेले, व गडावर येसूबाई आणि बाल शाहू. अशा स्थितींत गड बोलणें करून खालीं झाला असावा, असें म्हणून अलीकडील अभ्यासकांनीं या कथेविषयीं गंभीर शंका घेतली आहे. आमचा कलही तिकडेच आहे. लोकांस एक दोषी माणूस हवा असतो. थकलेली शिबंदी, तुटलेली रसद व नाइलाजाचा तह यांपेक्षां एका लोभी देशमुखाची गोष्ट लक्षांत ठेवण्यास सोपी. म्हणून एखाद्याच्या नांवावर शतकानुशतकें फितुरी लिहून ठेवण्यापूर्वीं समकालीन कागद मागणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे.

६. हा विषय केवळ जुना नाहीं. १९५३ च्या एप्रिलांत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं १०४५० क्रमांकाचा जो हुकूम काढला, त्यांत सरकारी चाकरी देण्यापूर्वीं माणसाच्या कोणत्या गोष्टी पाहाव्या याची यादी आहे. तींत बेभरंवशाचें वर्तन आहे, अप्रामाणिकपणा आहे, दारूचें अतिव्यसन आहे, आणि माहिती देतांना मुद्दाम केलेला खोटेपणाही आहे. अडीचशें वर्षांपूर्वींच्या दुर्गप्रकरणाशीं हें साम्य पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें. दोहोंपैकीं कोणीं कोणापासून घेतलें असें नाहीं. गुप्त वस्तूची राखण करणाऱ्या प्रत्येक राज्यास तोच अनुभव येतो, इतकेंच. त्याच हुकुमांतील अनीतीविषयींच्या सैल शब्दांचा आधार घेऊन, देशाचें कांहीं न बिघडविलेल्या अनेकांना केवळ त्यांच्या खाजगी जीवनावरून नोकरीवरून काढण्यांत आलें, हाही त्या इतिहासाचा भाग आहे. बाळाजी आवजींचें प्रकरण तेथें अनेक पटींनीं घडलें म्हणावयाचें.

आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं २०१६ च्या जुलैंत अवतारसिंग यांच्या खटल्यांत या प्रश्नाचा विचार केला. नेमणुकीपूर्वींच्या पडताळणीच्या अर्जांत गुन्हा वा खटला लपविला तर काय करावें, हा मुद्दा होता. न्यायालयाच्या मतें दिलेली माहिती खरी असली पाहिजे. लपवाछपवी झाली तर नेमणूक रद्द होऊं शकते. पण दोष क्षुल्लक आहे कीं गंभीर, प्रश्न अर्जांत नेमका विचारला होता कीं नाहीं, लपविणाऱ्यास ती गोष्ट ठाऊक होती कीं नव्हती, व जागा कोणती आहे, हें सर्व पाहून निर्णय करावा. डोळे मिटून करूं नये. जुन्या कागदांतून आम्हांस जें तत्त्व हातीं लागलें तें याहून निराळें नाहीं. दोष झाला असेल तर तो कबूल करणाऱ्याची परीक्षा होऊं शकते. परंतु दोष लपविणारा पुढें कोणाच्या तरी मुठींत सांपडतो, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या हवालीं असलेला गडही.

७. शेवटीं रोहे, पेण व आसपासच्या गांवांतील ज्या घरांत जुने रुमाल आहेत त्यांच्या मालकांस, व आमच्या संग्राहक मित्रांस, एक विनंती. सनदा, मोठ्या शिक्क्यांचीं पत्रें व इनामाचे कागद सर्वच जपून ठेवितात. जामीनकतबे, मुचलके, हजिऱ्या, गडावरील धान्याचे झाडे, बदलीच्या वेळचे हवाल्याचे जाबते, असले कागद मात्र बिनमोलाचे समजून वाळवीच्या स्वाधीन होतात. वर जो विषय मांडला त्याचा खरा पुरावा या दुसऱ्या वर्गांतच आहे. अमका शिपाई कोणाच्या जामिनावर गडावर चढला, त्यास कां उतरविलें, कोठारांत किती खंडी भात कमी भरलें व त्याचा जाब कोणीं दिला, हें तेथेंच सांपडावयाचें. राजांच्या पत्रांतून राज्याचें धोरण कळतें. तें अवचितगडाच्या पायऱ्यांपर्यंत पोंचलें कीं नाहीं, हें या चिटोऱ्यांवरूनच ठरेल.

आणि असा कागद दुसऱ्याच्या हातीं देतांना तो कोणत्या घरचा, कोणत्या रुमालांतला व कोणत्या स्थितींत मिळाला, हें जसें असेल तसें लिहून द्यावें. कुळाच्या अभिमानासाठीं एखादें नांव खोडणें, किंवा किंमत वाढावी म्हणून ठिकाण बदलून सांगणें, असे प्रकार आमच्या पाहण्यांत आले आहेत. गडकऱ्यांच्या इमानाची परीक्षा करावयास बसणाऱ्यानें आपला झाडा आधीं द्यावा, एवढेंच येथें सांगणें आहे.